ओरॅकल कार्डं स्वतःसाठी कशी वाचायची: प्रश्न, पानं आणि वही

ओरॅकल कार्डांचा, म्हणजे चित्र आणि एखादा शब्द छापलेल्या पानांचा, नवा डेक (संच) घरी आला की बहुतेक जण एक पान उचलतात आणि लगेच सोबतच्या पुस्तिकेत त्याचा अर्थ शोधतात. दोन मिनिटांत अर्थ वाचून होतो, पटतो किंवा पटत नाही, आणि महिन्याभरात डेक कपाटाच्या वरच्या कप्प्यात जातो. मला याच्या बरोबर उलटं सांगायचं आहे. पुस्तिका सगळ्यात शेवटी उघडायची, आणि निम्मं काम पान उचलण्याआधी, प्रश्न लिहितानाच करून टाकायचं. ही पानं भविष्य सांगतात असं मी मानत नाही. पण मनात कधीची घोळत असलेली, धावपळीत ऐकूच न येणारी गोष्ट समोर आणून ठेवायला इतकं सोपं साधन मला दुसरं माहीत नाही. ते वाया जाऊ नये म्हणून हे सगळं तपशिलात लिहिते आहे.

ओरॅकल म्हणजे टॅरो नव्हे

दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात, त्यामुळे घोळ होतो. टॅरोची पानं ठरलेली: एकूण ७८, त्यांतली २२ ‘मोठ्या’ गटातली (मेजर आर्काना) आणि ५६ ‘छोट्या’ गटातली (मायनर आर्काना). ही रचना पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळल्या जाणाऱ्या पत्त्यांमधून आली. भविष्य बघायला तिचा वापर रुळला तो बराच नंतर, अठराव्या शतकात फ्रान्समध्ये. आज सर्रास दिसणारी टॅरोची चित्रं पामेला कोलमन स्मिथ हिने काढली आणि तो डेक १९०९ साली लंडनमध्ये निघाला. लेनोरमाँ नावाचा आणखी एक प्रकार आहे, त्यात ३६ पानं असतात.

ओरॅकल डेकला असा कुठलाच नियम नाही. किती पानं, कुठली चित्रं, कुठले शब्द हे तो डेक काढणारा ठरवतो. ४४ पानांचे डेक पुष्कळ दिसतात, पण ३६ चेही असतात आणि ५२ चेही. म्हणून टॅरोसारखं आधी पाठांतर करायची गरज नाही. त्याची दुसरी बाजू अशी की एका डेकवर शिकलेला अर्थ दुसऱ्या डेकवर चालत नाही.

आपल्या लोकांना ही कल्पना परकी नाही. रामशलाका प्रश्नावलीच्या अक्षरांच्या चौकटीत उत्तरासाठी डोळे मिटून बोट ठेवणारी आजी अनेक घरांत होती. मुंबईतल्या कोकणी माणसाला तर कौल चांगलाच ठाऊक असतो: देवळात गाऱ्हाणं घालायचं, उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. ओरॅकलला मात्र कौलासारखं विचारू नका. इथे उजवं-डावं काही नाही. ‘होडी’ किंवा ‘विसावा’ असं पान येतं आणि ते हो म्हणतं की नाही, हे तुम्ही मनाला येईल तसं ठरवता. गडबड तिथेच सुरू होते.

डेक घेताना काय बघायचं

जमलं तर दुकानात जाऊन, नमुन्याचा उघडलेला डेक हाताळून घ्या. ऑनलाइन घेणार असाल तर निदान पंधरावीस पानांचे फोटो बघितल्याशिवाय घेऊ नका. चित्रात बघण्यासारखं काही आहे का, हे पहिलं बघायचं. नुसता गुलाबी-जांभळा धूर आणि वर एक मोठा शब्द, अशा पानांवर फार काळ काम करता येत नाही, कारण नजर कुठे अडकतच नाही. माणूस, प्राणी, दार, पाणी, हातातली वस्तू, मागे दिसणारा रस्ता असं काहीतरी हवं.

दुसरं, अवघड पानं आहेत का ते बघा. काही डेकमध्ये ‘प्रेम’, ‘कृपा’, ‘भरभराट’, ‘आशीर्वाद’ याशिवाय काही नसतंच. ते वाचायला छान वाटतं, पण असा डेक कधीच ‘थांब’ म्हणत नाही, ‘हे तू टाळते आहेस’ म्हणत नाही. सहासात तरी पानं अशी हवीत की जी आली की जरा अस्वस्थ वाटेल.

नकली डेकचा सुळसुळाट आहे, तेव्हा फारच स्वस्त दिसला तर सावध व्हा. नकलेची लक्षणं सहज ओळखू येतात: पानं पातळ, रंग फिके, कडेला चित्र कापलेलं, आणि छापील पुस्तिकेऐवजी खोक्यावर एक क्यूआर कोड. ज्या चित्रकाराने महिनोन्महिने बसून ती चित्रं काढली, त्याला यातून काहीच मिळत नाही. मला हे मनापासून खटकतं.

स्वतःचा डेक स्वतः विकत घेऊ नये, कोणीतरी भेट द्यावा लागतो, असं सांगणारे भेटतील. तसं काही नाही. उलट चित्रं तुमच्या नजरेला भावलेली असणं महत्त्वाचं, आणि ते दुसऱ्याला कसं कळणार?

मुंबईची हवा आणि मुंबईचं घर

जून ते सप्टेंबर या शहरात पापडसुद्धा मऊ पडतो, मग पानांचं काय सांगायचं. दमट हवेने पानं वाकतात, एकमेकांना चिकटतात, आणि खोका भिंतीला लागून ठेवला तर कडांना बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात, नव्या चपलांच्या किंवा औषधांच्या खोक्यातून निघणाऱ्या सिलिका जेलच्या दोनचार पुड्या टाकून डेक ठेवा. वाकलेली पानं सपाट करायची असतील तर जाड पुस्तकांखाली दोन दिवस दाबून ठेवायची. इस्त्री नको, आणि उन्हातही नको, रंग उडतो.

‘शुद्धीकरणा’बद्दल बरंच काही सांगितलं जातं: धूप, कापूर, पौर्णिमेचं चांदणं. मन शांत होत असेल तर धूप जरूर लावा, फक्त पानं धुरावर धरू नका, तेलकट थर बसतो. मी वेगळं करते. अधूनमधून सगळी पानं क्रमाने लावते. एकही हरवलेलं नाही याची खात्री होते, आणि बरेच दिवस न आलेलं एखादं चित्र पुन्हा नजरेखालून जातं.

जागेचं म्हणाल तर दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसं असताना वेगळा कोपरा मिळणार नाही, हे धरूनच चला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर सगळे निजल्यावर मिळालेली वीस मिनिटं पुरतात, फक्त ओटा कोरडा हवा. सकाळी निघायच्या गडबडीत पान काढत असाल तर ते वाचू नका. नुसता फोटो काढून ठेवा आणि लोकलमध्ये बसायला मिळालं, किंवा उभ्याने का होईना मोबाइल धरता आला, की दोन स्टेशनांच्या मधल्या वेळात ते चित्र बघा. पुस्तिका घरी राहिलेली असते, हा यातला मोठा फायदा.

डेकशी ओळख

पहिल्या दिवशी प्रश्न विचारू नका. सगळी पानं एकेक करून बघा, पुस्तिका बाजूला ठेवून. प्रत्येक पान तीनपैकी एका ढिगात टाकायचं: आवडलं, काहीच वाटलं नाही, नकोसं वाटलं. फार विचार करायचा नाही, हात जिकडे जाईल तिकडे टाकायचं.

मग नकोशा ढिगाकडे या. प्रत्येक पानासाठी वहीत एक ओळ लिहा: यातलं नेमकं काय नकोसं वाटलं? एखाद्या पानावर एकटी बसलेली म्हातारी बाई असेल. कोणाला त्यात शांतता दिसते, कोणाला गावी एकटी राहणारी आई दिसते. पुस्तिकेत तिथे ‘शहाणपण’ लिहिलेलं असेल, पण तुमच्या वाचनात ते पान आलं की आधी आईच आठवणार आहे, आणि ते आधीच लिहून ठेवलेलं बरं. ही वही पुढे पुस्तिकेपेक्षा जास्त कामाला येते. काहीच न वाटलेल्या पानांची चिंता नको, ती हळूहळू बोलकी होतात.

प्रश्न

इथे घाई करू नका, कारण खराब प्रश्नाला चांगलं पान वाचवू शकत नाही. पानांना हात लावण्याआधी प्रश्न कागदावर लिहायचा. मनातल्या मनात विचारलेला प्रश्न पान दिसताच नकळत बदलतो. विचारलं असतं नोकरीबद्दल, पान येतं दोन पक्ष्यांचं, आणि मन म्हणतं, ‘अच्छा, हे लग्नाबद्दल आहे.’ लिहिलेला प्रश्न असं निसटू देत नाही.

पहिल्या दमात जो प्रश्न सुचतो तो बहुधा असा असतो: ‘माझं लग्न कधी होईल?’, ‘तो माझ्याबद्दल काय विचार करतो?’, ‘घर मिळेल का?’ पहिल्यात तारीख मागितली आहे, दुसऱ्यात दुसऱ्याच्या मनात डोकावायचं आहे, तिसऱ्यात बिल्डर, बँक आणि नशीब या तिघांची हमी हवी आहे. यांतलं काहीच पानांच्या हातात नाही. आता हेच प्रश्न स्वतःकडे वळवून बघा. ‘लग्नाचा विषय निघाला की मी नेमकी कशाला घाबरते?’ ‘त्याच्याशी बोलताना मी कुठली गोष्ट सारखी गिळते?’ ‘घर शोधताना कुठल्या बाबतीत मी तडजोड करणार नाही, आणि ते घरच्यांना सांगितलं आहे का?’ हे प्रश्न ‘काय’, ‘कसं’, ‘कुठे’ यांनी उघडतात, तुमच्याबद्दल आहेत, आणि उत्तर मिळालं तर उद्या काहीतरी करता येईल असे आहेत. ‘का’ने सुरू होणारे प्रश्न जपून वापरा. ‘माझ्याच बाबतीत असं का होतं?’ याचं उत्तर शोधता शोधता माणूस स्वतःलाच फटकारायला लागतो.

शक्य असेल तर मुदत घाला. ‘येत्या आठवड्यात’ किंवा ‘गणपतीपर्यंत’. मुदत घातली की आठवड्याने वही उघडून तपासता येतं.

आजाराचं निदान, गरोदरपण, कोर्टातला निकाल, शेअर विकावेत की ठेवावेत: यांतलं काहीही पानांना विचारू नका. डॉक्टर, वकील आणि सल्लागार यांच्याकडे जायला उशीर होतो, आणि हा उशीर महागात पडतो.

पानं पिसणं

ओरॅकलची पानं नेहमीच्या पत्त्यांपेक्षा मोठी आणि जाड असतात, त्यामुळे ती दोन गठ्ठ्यांत वाकवून फर्रर्र करत एकमेकांत घालायला जाऊ नका. कोपरे दुमडतात. तशा पिसण्याचं एक गणित मात्र माहीत असलेलं बरं: ५२ पत्त्यांचा कॅट नीट मिसळायला साधारण सात वेळा पिसावा लागतो, असं डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ साली दाखवून दिलं. एका हातातून दुसऱ्या हातात थोडी थोडी पानं सोडण्याची आपली पद्धत त्याहून फारच संथ आहे. तशी पाचसहा वेळा पिसली तर कालचे शेजारी आजही शेजारीच राहतात.

म्हणून सगळ्यात चांगला उपाय म्हणजे चादर अंथरून पानं पालथी पसरवायची आणि दोन्ही तळव्यांनी चांगलं मिनिटभर गोल गोल फिरवत कालवायची, मग गोळा करून एकदा कापायची. लहान मुलांची पानं पिसायची पद्धत हीच, आणि ती फार चांगली मिसळते. तेवढा वेळ लिहिलेला प्रश्न समोर ठेवून वाचत राहा. डाव्या हाताने कापा की उजव्या, फरक पडत नाही.

दोन गोष्टी पिसण्याआधीच ठरवून टाका. पिसताना एखादं पान उडून पडलं तर ते धरायचं की परत घालायचं? आणि पान उलटं आलं तर त्याचा वेगळा अर्थ लावायचा का? बहुतेक ओरॅकल डेकच्या पुस्तिकांत उलट्या पानाचा अर्थ दिलेलाच नसतो. मी पान सरळ करून घेते. तुम्ही काहीही ठरवा, पण आधी ठरवा. पान बघितल्यावर ठरवलं तर मन सोयीचं तेच निवडतं.

एक पान कसं वाचायचं

मावसबहिणीची गोष्ट तिला विचारूनच सांगते. ती भांडुपला राहते, फोर्टमध्ये नोकरी करते, आणि तिला मुलुंडला, घराजवळ, थोड्या कमी पगाराची नोकरी चालून आली होती. तिने कागदावर लिहिलं, ‘मुलुंडची नोकरी घेऊ का?’ मी म्हटलं, हा कौल झाला. दोन-तीन वेळा खाडाखोड झाल्यावर प्रश्न असा उरला: ‘आत्ताची नोकरी सोडावीशी वाटते तेव्हा मला नेमकं काय नको असतं?’

पान आलं ‘प्रस्थान’. चित्रात पहाटेचं पाणी, एक होडी, होडीत मडकी आणि गाठोडी, आणि पाठमोरी बसलेली एक बाई.

आधी फक्त जे दिसतं ते बोलायचं, अर्थ लावायचा नाही. ती म्हणाली, ‘पाणी, होडी, पाच मडकी, एक बाई. तिचं तोंड दिसत नाही. सूर्य अजून वर आलेला नाही.’ हे फार साधं वाटतं आणि म्हणून लोक ते गाळतात, पण याच वेळी मन सावकाश होतं. दोन मिनिटं तरी द्यायचीच.

मग नजर कुठे जाते ते बघायचं. सगळ्या चित्रावरून एकदा नजर फिरवायची, डोळे मिटायचे, उघडायचे, आणि पहिल्यांदा काय दिसतं ते लिहायचं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘ताई, ही होडी सुटलेलीच नाहीये गं. दोर बघ.’ खरंच, कोपऱ्यात खुंटाला बांधलेला दोर होता. माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

त्यानंतर त्या एका गोष्टीला प्रश्नासमोर धरायचं. ‘हा दोर तुझ्या बाबतीत कुठला?’ तिने लिहायला सुरुवात केली आणि लिहिता लिहिता यादी झाली: दुपारी डबा खायला एकत्र बसणाऱ्या तिघी, आठ वर्षांची ओळख, स्वतःचं टेबल, साहेबांचा विश्वास. हे सगळं तिला हवंच होतं. नको होता तो सकाळी चढतानाचा आणि संध्याकाळी उतरतानाचा जीवघेणा प्रवास, फक्त तोच. नोकरी आणि प्रवास तिने इतके दिवस एकाच गाठोड्यात बांधले होते.

पुस्तिका आम्ही यानंतर उघडली. त्यात लिहिलं होतं, नव्या प्रवासाची वेळ आली आहे, मागे वळून पाहू नका. हे आधी वाचलं असतं तर तिने मुलुंडला होकार कळवला असता आणि पानानेच सांगितलं म्हणून समाधान मानलं असतं. पुस्तिका टाकाऊ नसते, काही वेळा तिच्यातलं एखादं वाक्य नेमकं लागतं. पण ती तुमच्या वाचनाशी पडताळून बघायची असते. जिथे पटत नाही तिथे तुमचं लिहिलेलं ठेवायचं.

शेवटी एक कृती, तीही लहान आणि मुदतीची. तिने ठरवलं की मुलुंडला उत्तर देण्याआधी ऑफिसात तासभर उशिरा येऊन उशिरा निघण्याबद्दल विचारायचं, सोमवारीच. ऑफिसने ते मान्य केलं की नाही, हा या वाचनाचा विषय नाही. विचारायला हवं हे तिला दिसलं, आणि तोवर ते तिला सुचलंही नव्हतं.

तीन पानं, दोन वाटा

निदान महिनाभर एकाच पानावर काम केल्याशिवाय जास्त पानांकडे वळू नका. ‘भूतकाळ, वर्तमान, भविष्य’ ही मांडणी सगळीकडे शिकवतात, पण तिसरं पान माणसाला पुन्हा भविष्य बघायलाच बसवतं. मला ही तीन नावं जास्त उपयोगी वाटतात: आत्ता काय चाललं आहे, माझं कुठे अडतं आहे, आणि मी कुठून सुरुवात करू शकते. पानं काढण्याआधी ही नावं कागदावर लिहून त्यांवर पानं ठेवा. प्रत्येक पान वर सांगितल्याप्रमाणे वेगळं वाचा, आणि मग तिन्ही एकत्र बघा: रंग सारखे आहेत का, माणसं एकमेकांकडे बघतात की पाठ फिरवून आहेत, एका पानातलं पाणी दुसऱ्यात गोठलं आहे का. कधी कधी वाचनातली सगळ्यात बोलकी गोष्ट या शेजारामुळेच दिसते.

दोन पर्यायांत अडकला असाल तर प्रत्येकासाठी दोन पानं: ‘इथे मला काय मिळेल असं वाटतं’ आणि ‘इथे मी काय सोडते आहे’. यातलं ‘असं वाटतं’ गाळू नका. पान पर्यायाबद्दल काहीच जाणत नाही, तुमच्या मनात त्याचं जे चित्र आहे तेवढंच वर येतं. आणि पान पालटताना ‘अरे, हे त्या बाजूला यायला हवं होतं’ असं आत कुठेतरी वाटलं, तर पुढचं वाचन थांबवून आधी ते लिहून घ्या.

खुलाशासाठी आणखी एक पान, मग आणखी एक, असं करत जाऊ नका. एक जादा पान, तेही फार तर. चौथ्या-पाचव्या पानाला आपण हवं ते वदवून घेत असतो.

तेच पान पुन्हा पुन्हा येतं तेव्हा

याने लोक हादरतात. ‘सारखी तीच म्हातारी येते!’ यामागचं गणित शांतपणे समजून घ्या. ४४ पानांच्या डेकमधून रोज एक पान काढून परत मिसळलं, तर नऊ दिवसांत कुठलं तरी पान दुसऱ्यांदा येण्याची शक्यता साधारण ५८ टक्के असते. पंधरा दिवसांत ती ९३ टक्क्यांवर जाते. म्हणजे पान परत येणं नवलाचं नाही, न येणं नवलाचं आहे. तरीही पान परत आलं की वहीतली आधीची नोंद काढून वाचाच. तेव्हा म्हातारीच्या पानावर काय लिहिलं होतं, आज काय दिसतं आहे? फरक तुमच्यात पडलेला असतो, आणि तो बघण्यासारखा असतो.

पानं इतकी अचूक कशी लागू पडतात, याचंही उत्तर आहे. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुमच्या स्वभावाचं वर्णन’ म्हणून एक कागद दिला. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. कागद सगळ्यांचा एकच होता, आणि त्यातली वाक्यं त्याने राशिभविष्याच्या पुस्तकातून उचलली होती. पुस्तिकेतली वाक्यंही अशीच, कोणालाही बसतील अशी शिवलेली असतात. हे कळल्यावर पानांचा उपयोग संपतो असं मला वाटत नाही. फक्त ‘किती बरोबर आलं!’ यावर थांबता येत नाही, ‘माझ्या बाबतीत हे नेमकं कुठे लागू आहे?’ हे नाव-गाव-तारखेसकट लिहावं लागतं. ‘मी नात्यांत स्वतःला विसरते’ हे कोणीही लिहील. ‘दिवाळीत वहिनीला नाही म्हणायचं होतं आणि मी चार दिवस राबले’ हे तुमचंच.

वहीत म्हणून एवढं तरी हवं: तारीख, प्रश्न जसाच्या तसा, पान, नजर कुठे गेली, स्वतःचं वाचन, ठरवलेली कृती. खाली चार ओळी कोऱ्या सोडा. मुदत संपली की तिथे काय झालं ते लिहा, चुकीचं ठरलं असेल तर तेही स्वच्छ लिहा. जुळलेलं तेवढंच लक्षात ठेवायची मनाला खोड असते, वही तिला आवर घालते.

डेक कधी उघडायचा नाही

एकाच प्रश्नासाठी एकाच आठवड्यात दुसऱ्यांदा पान काढायचं नाही. उत्तर आवडलं नाही म्हणून परत काढलेल्या पानाला काही अर्थ उरत नाही. भांडण नुकतंच झालं असेल, ताप असेल, रात्री दोन वाजता छाती धडधडत असेल, तर डेकला हात लावू नका. अशा वेळी प्रत्येक चित्र धमकीसारखं दिसतं. आणि ही अस्वस्थता रोजचीच झाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर पानं बाजूला ठेवून माणसाशी बोला. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं.

रोज घराबाहेर पडण्याआधी पान विचारल्याशिवाय पाय निघत नाही, साडीचा रंगही पानावर ठरतो, असं व्हायला लागलं तर डेक महिनाभर डब्यात बंद करून ठेवा.

आणि तुमच्या पानांत दोष दिसतो, उतारा करावा लागेल, इतके पैसे आणा, असं सांगणारं कोणी भेटलं तर तिथून सरळ उठा. चमत्काराचा दावा करून लोकांना घाबरवणं आणि लुबाडणं याविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे.

स्वतःचा डेक

विकतच्या डेकमधली लांडगे, बर्फाचे डोंगर आणि उंच सुळक्यांची कातळघरं सुंदर असतात, पण ती आपण जगलेलो नाही. वर्ष-सहा महिने वाचन केल्यावर स्वतःचा डेक करून बघा, असं मी आग्रहाने सांगेन. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर कागद आणि स्टेशनरीची घाऊक दुकानं आहेत. तिथून ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कार्ड पेपर घ्या, एकाच मापाची पानं दुकानातल्याच कटिंग मशीनवर कापून घ्या. घरी कात्रीने कापली की कडा कमीजास्त होतात आणि पालथं पान ओळखू येतं. पाठीमागची बाजू सगळ्यांची सारखीच असायला हवी, तेही याच कारणासाठी.

चित्रं काढता येत नसतील तर कापून चिकटवा: जुनी दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, घरातल्या फोटोंच्या झेरॉक्स, कॅलेंडरची पानं. वीस पानांपासून सुरुवात केली तरी चालते. विषय आसपासचेच घ्या. भरती. ओहोटी. बंद पडलेली लिफ्ट. उंबरठा. आजीची पितळी कळशी. चुकलेली लोकल. जिन्यात ठेवलेल्या चपला. गच्चीवरचं वाळवण. शिवडीच्या चिखलात उतरणारे फ्लेमिंगो. पानावर शब्द लिहायचाच असेल तर तळाशी, लहान अक्षरात लिहा. अर्थ मात्र कुठेही लिहू नका. आणि दहाएक पानं कोरी, कापलेली, त्याच डब्यात राखून ठेवा. नंतर त्याच मापाचा आणि त्याच पांढऱ्याचा कागद मिळेलच असं नाही.